बर्मिंगहॅमला उतरवलेली बाई

लोक विचारतात, तुम्ही लिहायला कधी लागलात. माझं आणि लिहिण्याचं शाळेपासून हाडवैर आहे. पुण्यातल्या आमच्या बाईंनी माझी निबंधाची वही वर्गासमोर धरून सगळ्यांना हसवलं होतं. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही आणि तसा विचारही नाही.

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकला आलो ते नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळे. मी जवळच्या प्रायमरी स्कूलमध्ये डिनर लेडी झाले. पोरांना वाढायचं आणि मैदानावर त्यांची भांडणं सोडवायची. तिथल्या एका टीचरने मला भिंतीवरचा मेनू वाचताना दोन-तीनदा पाहिलं आणि सरळ कॉलेजात टेस्टला पाठवलं. चौतिसाव्या वर्षी कळलं की मी मठ्ठ नाही, मला डिस्लेक्सिया आहे. घरी येऊन ढसाढसा रडले. नवरा म्हणाला, "बरं झालं, कळलं एकदाचं. पण आपल्या मराठी मंडळात कुणाला सांगत बसू नकोस."

डोक्यात गोष्टी मात्र लहानपणापासून होत्या. आता मी एक टेपरेकॉर्डर आणला. कपड्यांना इस्त्री करता करता गोष्ट बोलायची, ऐकायची, पुसायची, पुन्हा बोलायची. एकेक वाक्य जिभेवर बसेपर्यंत सोडायचं नाही. रविवारी नवरा हेडफोन लावून ते कॉम्प्युटरवर मराठीत टाइप करायचा. कुरकुर न करता करायचा, खोटं कशाला बोलू. मला एवढंच हवं होतं, की एक तरी गोष्ट मी बोलले तशीच, माझ्या नावाने छापून यावी.

मंडळाच्या दिवाळी अंकाने माझी एक गोष्ट घेतली. त्यातली बाई दूध आणायला म्हणून घराबाहेर पडते, स्टेशनवर जाते आणि सरळ एडिनबराच्या गाडीत बसते. परत येत नाही, बस्स. प्रूफं आली तेव्हा पहिलं पान मी अर्धा तास लावून वाचलं. शब्दन् शब्द माझा होता. उरलेली अकरा पानं नवऱ्याच्या भरवशावर सोडली. गाढवपणा माझाच.

दिवाळीच्या कार्यक्रमात अंकाचं प्रकाशन झालं, की लेखकाने दोन पानं वाचून दाखवायची, अशी आमच्याकडे पद्धत. संपादक म्हणजे एक रिटायर्ड डॉक्टर, मंडळातल्या प्रत्येक बाईला वहिनी म्हणणारे. त्यांनी मला शेवटची दोन पानं वाचायला सांगितली. मला गोष्ट तोंडपाठ होती. हातातला अंक शोभेपुरता उघडून मी सुरू केलं. समोरच्या बायकांनी डिशमधले चमचे खाली ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शब्दांना कुणी हसत नव्हतं.

माझी बाई एडिनबराला उतरणार, एवढ्यात संपादकांनी हात वर केला. ते त्यांच्या प्रतीवर बोट ठेवून माझ्याबरोबर वाचत होते.

"वहिनी, तुम्ही भलतंच काहीतरी वाचताय. इथे तर ती बर्मिंगहॅमला उतरते आणि परतीची गाडी पकडते. घरी येऊन चहाचं आधण ठेवते, नवऱ्याला सॉरी म्हणते."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे लिहिलंय कुणी नक्की?" आणि माझा नवरा, तोच ज्याला चार वाक्यं रचायला सांगितली तर घाम फुटतो, उठून गोड हसत म्हणाला, "तसं आम्ही दोघं मिळूनच लिहितो."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "मला नीट वाचता येत नाही. मला डिस्लेक्सिया आहे. मी बोलते आणि हा टाइप करतो. ह्याने मला न विचारता माझ्या गोष्टीचा शेवट बदललाय." मग अंक खुर्चीवर टाकला आणि बाईला एडिनबराला उतरवूनच थांबले. कुणी टाळी वाजवली नाही. संपादक म्हणाले, "वहिनी, घरचं घरात मिटवा. चला मंडळी, वडे गार होतायत." झालं. तेवढ्यावर माझं साहित्य आटोपलं.

घरी जाताना गाडीत मी विचारलं, "का केलंस?"

"वाचणाऱ्याला वाटलं असतं, ती बाई तूच," तो म्हणाला. "माझी काय अब्रू राहिली असती? आणि तू काही वाचणार नाहीस, हे माहीत होतं मला."

शेवटचं वाक्य तो अगदी सहज बोलला, सिग्नलला गिअर बदलता बदलता. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

ती बाई मी नव्हते. देवाशपथ सांगते, गोष्ट रचताना त्याला सोडून जायचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नव्हता. तो विचार त्या सिग्नलला आला.