चार कानांचा गठ्ठा

"आतलं किती, वरलं किती?"

कुठलीही बांधलेली वस्तू समोर आली की अक्का हे विचारायच्या आणि ती वस्तू तळहातावर दोनदा झेलायच्या. मग तो पेढ्यांचा पुडा असो नाहीतर औषधाची बाटली. एकदा आमच्या मालकांच्या मुलाची लग्नपत्रिका कारखान्यात वाटली गेली. जाड पाकीट, त्यात दुसरं पाकीट, त्यात झिरझिरीत कागद आणि मग पत्रिका. अक्कांनी ती झेलली आणि मालकांदेखतच विचारलं, "नवरी आत हाय न्हवं?" मालक हसले. त्या आठवड्यात ते कशालाही हसत होते.

मी तेव्हा सोलापुरात भवानी पेठेतल्या एका चादरीच्या कारखान्यात माल रवाना करण्याचं काम बघत होतो. गठ्ठा काट्यावर चढवायचा, वजन लिहायचं, रेल्वेची पावती करून घ्यायची. अक्का बांधणी खात्यात होत्या. त्यांच्या हाताखाली तीन बायका, दाभण आणि सुतळी घेऊन बारदान शिवणाऱ्या. अक्का अक्कलकोटकडच्या. घरात कानडी, कारखान्यात मराठी आणि चिडल्या की दोन्ही एकदम. लिहिता येत नव्हतं, पण चादर गालाला लावून ती पुरती वाळली आहे की नाही ते सांगायच्या. माझ्या माहितीत त्यांचा गाल एकदाच चुकला.

आमचा गठ्ठा असा असे: चाळीस चादरी, भोवती जाड खाकी कागद, त्यावर वाळक्या गवताचा थर, त्यावर कोरं बारदान आणि सुतळीची शिवण. हे कुणी ठरवलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तुमच्याही कामाच्या जागी अशा गोष्टी असतील.

त्र्याहत्तर साल असावं. दुष्काळ नुकताच सरला होता. अक्का भाचीच्या घरी बारशाला मोडनिंबला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी आल्या त्या थेट माझ्या टेबलाशी.

"दिवाणजी, आपण चादरी धाडतो म्हणत हुते मी. निम्मा उकिरडाच धाडतोय की."

मोडनिंबला आमची चादर विकणाऱ्या दुकानाच्या मागे त्यांनी माणसाच्या उंचीचा ढीग पाहिला होता. आमचाच कागद, आमचंच फाडलेलं बारदान आणि पावसात कुजलेलं गवत. "गेल्या साली जनावरं चाऱ्याबिगर मेली, आन आमी चादरीला गवताचं पांघरूण घालत हुतो," त्या म्हणाल्या.

"निम्मा नसेल," मी म्हणालो.

"मोजलाय?"

नव्हता मोजला. माझ्यासारख्या माणसाला ते लागलं. त्याच दुपारी मी एक गठ्ठा उसवला आणि एकेक थर वेगळा तोलला. चादरी चव्वेचाळीस किलो. गवत साडेपाच, बारदान अडीच, कागद दोन, सुतळी अर्धा. म्हणजे वरचं सगळं साडेदहा. निम्मं नव्हतं. पण चार गठ्ठ्यांमागे जवळजवळ एक गठ्ठा भरून आम्ही निव्वळ फेकण्याच्या वस्तू पाठवत होतो. मी आकडा दोनदा तपासला. तिसऱ्यांदा अक्कांनी तपासायला लावला.

आणि नेमके त्याच आठवड्यात मालक नवा नमुना घेऊन आले. प्रत्येक चादर प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी छापील पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये आणि असे चाळीस बॉक्स लाकडी खोक्यात. दिसायला सुंदर होतं, हे मी मान्य करतो. तोही तोलला. चादरी त्याच चव्वेचाळीस किलो. वरचं चोवीस.

"दसऱ्यापासून हेच," मालक म्हणाले. "शिवण बंद."

शिवण बंद म्हणजे त्या तिघींचं काम बंद. खोक्याला खिळे मारायला सुताराचा माणूस येणार होता. तिघींचे हात थांबले.

"मालक," अक्का म्हणाल्या, "एक गठ्ठा मला बांधू द्या. माझ्या पद्धतीनं. जेऊरच्या दुकानाला धाडा. नीट पोचला तर खोकी नकोत."

"आणि नाही पोचला तर?"

"तर मीच येते की बॉक्स भरायला."

त्यांनी गवत काढलं. कागद काढला. विणीत चूक झालेली एक चादर बाहेरून गुंडाळली, तीही दुकानदाराला स्वस्तात विकता येणार होती. त्यावर मोडनिंबच्या ढिगातून स्वतः उचलून आणलेलं, धुतलेलं जुनं बारदान. त्यावर मी शाईने लिहिलं, "रिकामे बारदान परत पाठवावे." आता फेकण्याचं म्हणून उरली एकटी सुतळी. अर्धा किलो. साडेदहावरून अर्ध्यावर. मी सहसा उल्लसित होणारा माणूस नाही, पण त्या दिवशी घरी जाऊन जेवताना हा आकडा बायकोला सांगितला. ती म्हणाली, "भाजीत मीठ बरोबर आहे का ते सांगा."

गठ्ठा मालगाडीने जेऊरला गेला. पाठोपाठ मी आणि अक्का गेलो. दुकानात सगळ्यांसमोर शिवण उसवली. बारदानाला भोक. खालच्या चुकीच्या विणीच्या चादरीला भोक. आणि आतल्या चार चांगल्या चादरींना आरपार.

मी पेन्सिल धरून नुसता बसलो.

"लिवा की," अक्का म्हणाल्या.

"अक्का, चार चादरी गेल्या."

"गेल्या तर गेल्या लिवा. वजन खरं लिवता आन भोक खोटं लिवणार व्हय?"

मी लिहिलं. तो कागद मालकांच्या हातात पडला की काय होणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. अक्का दुकानाच्या पायरीवर बसून त्या भोकात बोट घालून बघत होत्या. मग म्हणाल्या, "हे फाटलेलं न्हाय. टोचलंय. हमालाचा हूक हाय ह्यो." आणि थोड्या वेळाने, "गवताचं काम आज कळलं बघा. हूक गवतातच अडकायचा. चादरीपातुर पोचायचाच न्हाय."

इतकी वर्षं आम्ही एका हुकासाठी गवत भरत होतो आणि कुणालाच ते माहीत नव्हतं.

सोलापूरला गाडीतून उतरलो ते कारखान्यात न जाता मालधक्क्यावर. तिथे हमालांचे पुढारी, ज्यांना सगळे चाचा म्हणत, बिडी ओढत बसले होते.

"चाचा, माझ्या गठ्ठ्याला हूक का मारला?"

"सबकू मारते, अक्का. पकडना कां से? अनाज के बोरेकू कान रैते. तुमारे गठ्ठेकू कां हैं कान?"

अक्का अशा हसल्या की पाठीवर पोतं घेतलेला एक हमाल वाटेत थांबला.

दुसऱ्या दिवशी मालकांपुढे माझा कागद होता. "दिवाणजी, तुमच्याच अक्षरात आहे. चार चादरी गेल्या."

"हो. आणि त्याच्या वर खोक्याचं चोवीस किलो लिहिलंय, तेही माझंच अक्षर आहे," मी म्हणालो. मालकांना उलट बोलण्याची माझी ती पहिलीच वेळ. "एक गठ्ठा अजून द्या."

त्यांनी कागदाची घडी घातली. "शेवटचा," म्हणाले.

त्या चार दिवसांइतकं बांधणी खातं मी कधी गजबजलेलं पाहिलं नाही. बारदानाचे चारही कोपरे पिळून अक्कांनी कान काढले. मी गठ्ठा एका कानाने तुळईला टांगला. कान फाटला, गठ्ठा माझ्या पायाजवळ आदळला. "सरका की जरा दिवाणजी, पाय सुतळीनं शिवता येत न्हाईत," अक्का म्हणाल्या. तिघींपैकी एकीने कानात सुतळीची गुंडी भरून पाहिली. तो कानही उसवला. दुसरीने गुंडीखाली दुहेरी टाके घातले. तो टिकला. मग मी चारही कानांवर पाळीपाळीने टांगला, प्रत्येकावर घड्याळ लावून पाच मिनिटं. तिसऱ्या कानाला तर अख्खं खातं काम सोडून घड्याळाकडे बघत होतं.

मालधक्क्यावर चाचांनी गठ्ठ्याभोवती एक फेरी मारली, एक कान ओढून पाहिला आणि दुसऱ्या हमालाला हाक मारली. दोघांनी दोन-दोन कान धरले, झोका दिला आणि गठ्ठा डब्यात. हूक खांद्यावरून खाली आलाच नाही.

जेऊरला या वेळी मालक स्वतः आले. मी एकेक चादर उजेडात धरून बघत मोजत गेलो. तिसाव्या चादरीनंतर दुकानदारही मोजू लागला. मी "चाळीस" म्हणालो आणि त्याच क्षणी माझ्या मागून अक्का कानडीत "नलवत्तु" म्हणाल्या. भोक एकही नव्हतं.

मालकांनी शब्द त्यांच्या पद्धतीने पाळला. मोठ्या शहरांतल्या दुकानांना बॉक्स, जिल्ह्यातल्या दुकानांना अक्कांचा गठ्ठा. तिघी राहिल्या. पहिल्या खेपेला वीस बारदानांपैकी अकरा परत आली. अक्का म्हणाल्या, "नऊ कुटं गेली ते इचारा," आणि मी नऊ पत्रं लिहिली.

चारेक वर्षांनी अक्का आपल्या मुलाकडे अक्कलकोटला गेल्या. तिथेच वारल्या. कार्ड आलं ते मीच बांधणी खात्यात वाचून दाखवलं. तिघी काम थांबवून ऐकत होत्या. मग एकीने डोळे पुसले आणि सुतळी ओवली.

त्यानंतर एकदा मालधक्क्यावर पावतीसाठी थांबावं लागलं. वेळ होता म्हणून मी गठ्ठे मोजले. आमचे सोडून इतर कारखान्यांचे सत्तावीस होते. त्यातल्या एकोणीस गठ्ठ्यांना कान होते. चाचा आता येत नव्हते. एका तरण्या हमालाला विचारलं, "हे कान कधीपासून रे?"

"पैलेसेच रैते, साब," तो म्हणाला. त्याने समोरच्याला खूण केली, दोघांनी कान धरले आणि गठ्ठा उचलला.