माशांना दिलेला शेक

मी एकदा माशांना बाळंतिणीचा शेक दिला. शेगडीत निखारे फुलवले, वर चिमूटभर ओवा टाकला आणि शेगडी माशांच्या काचेच्या पेटीखाली सरकवली. वय म्हणाल तर पन्नाशीला टेकलेलं, म्हणजे पोरकटपणा म्हणून सोडून द्यावं अशीही सोय नाही.

पेटी सुनेची. ती कल्याणची. लग्न होऊन डोळखांबच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात आली तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर ही पेटी आणि तिचं लोखंडी स्टँडही टेंपोतून उतरलं. मला पहिल्या दिवसापासून शिसारी. मासा म्हणजे तव्यावरचा. हे चपटे, पट्ट्यापट्ट्यांचे, दिवस न भरलेल्या पापलेटासारखे. सगळा वेळ तोंडाची उघडझाप, आणि शेपटीखाली दोऱ्यासारखी घाण लोंबतेय ती लोंबतेयच. एकानं ती तोंडात घ्यायची, थुंकायची, की दुसरा धावत येऊन तीच उचलणार. काचेला हिरवा बुळबुळीत लेप. त्यांचं खाणं म्हणजे वाळवलेल्या किड्यांची वडी, आणि तो डबा मला सापडला कुठं, तर माझ्या मसाल्याच्या डब्याशेजारी. त्या दुपारी मी जेवले नाही. आमचे हे म्हणाले, "सुकटीच्या वासानं तुला भूक लागते, नि यानं ओकारी येते गो?" मी म्हटलं, सुकटीला मी कधी हगताना बघितलेलं नाय.

त्यांचं पाणी कायम कोमट लागायचं, कारण जातच म्हणे गरम मुलखातली. त्यासाठी पाण्यात काचेच्या नळीचा हीटर, आणि काचेला चिकटवलेला थर्मामीटर. सून रोज वाकून त्याच्यावरची हिरवी खूण बघायची. मला हसू यायचं. आळीतली निम्मी पोरं माझ्या पायांवर न्हाऊन मोठी झालेली. कढत पाण्यात कोपर बुडवलं की गार पाण्याचं विसण किती घालायचं ते मला कळायचं, आणि ही काल आलेली पोरगी पाण्याचा ताप मोजतेय.

मग ती बाळंतपणाला माहेरी गेली. माझ्या जिवाला तेव्हा एकच आस होती: बाळाला घेऊन ती परत आली की तिला शेक आणि बाळाला आंघोळ मीच घालायची. पहिलं नातवंड. कोळसा, ओवा, बाळंतशोपा, वेखंड, सगळं मी आधीच भरून ठेवलं होतं. जाताना ती सांगून गेली, लाइट गेली तर पेटीला गोधडी गुंडाळा, कोमट पाण्याच्या बाटल्या आत तरंगत ठेवा, दुसरं काही करू नका. मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

लोडशेडिंगचे दिवस, त्यात पौषातली थंडी. एका सकाळी लाइट गेली ती येईचना. मासे तळाशी खडीवर एकमेकांना चिकटून बसले. मेलेल्यांपेक्षा घाण दिसत होते. खरं सांगायचं तर मला त्यांची दया नव्हती, धास्ती होती. हे मेले तर सून माझ्याबद्दल काय समजेल? बाटल्या भरायच्या हे आठवलंही, पण बाटल्यांनी कधी कुणाचं अंग शेकलंय? लोखंडी स्टँड मला बाळंतिणीच्या बाजेसारखं दिसलं. बाज म्हटली की खाली शेगडी आलीच.

ओव्याचा वास घरभर सुटला. थोड्या वेळानं मासे भराभर वर-खाली पळायला लागले. मी ह्यांना हाक मारून दाखवलं, बघा, अंग मोकळं झालं. खालून चटके बसतायत म्हणून पळतायत, हे त्या कोपरवाल्या बाईच्या डोक्यातच आलं नाही. हे म्हणाले, "तू त्यांना शेकतेस का शिजवतेस?" त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत तळाची काच तडकली.

सगळं पाणी निखाऱ्यांवर. वाफ, राख, आणि खडीखाली कुजून बसलेला काळा गाळ माझ्या सारवलेल्या जमिनीवर पसरला. तो वास मी आजही सांगू शकत नाही. गटारात ओवा भाजावा तसा काहीसा. राखेत लडबडलेले मासे हातानं उचलायला गेले तर ते बोटांतून सटकत होते, अर्धे गरम, अर्धे गार. दोन उलट्या झाल्या. मांजर आलं, हुंगलं आणि तोंड फिरवून गेलं. कोंबडीला मात्र लाज नाही. ती एक चोचीत धरून अंगणभर पळाली. त्या कोंबडीचं अंडं मी पुढं कधी तोंडाला लावलं नाही. एकही मासा वाचला नाही.

सुनेला फोन मी केला नाही, मुलाला करायला लावला. मी राख भरली, जमीन पुन्हा सारवली, तरी हाताचा वास जाईना, आणि ह्याच हातांत ती बाळ देणार का, एवढंच डोक्यात.

बाळाला घेऊन ती आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीत पाटावर पाय लांब करून बसले, तेलाची वाटी शेजारी, कढत पाण्याचं घंगाळ पुढ्यात. ती बाळाला छातीशी धरून दारात उभी राहिली. घंगाळातल्या वाफेकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी हात पुढे केले, पण तिनं बाळ लगेच दिलं नाही.

"आई, आंघोळ तुम्हीच घाला," ती म्हणाली, "पण विसण मी घालणार. आणि मला शेक नको."