समोरच्या दुकानात मिळेल

बुटांच्या दुकानात मी गल्ल्यावर बसते. आमच्या विक्रेत्याला सगळे मामा म्हणतात. खरं तर मामा बनतात ती गिऱ्हाइकं.

माणूस बाकावर टेकला की मामा त्याचा एक जुना बूट हळूच बाकाखाली सारतात. एका पायात नुसता मोजा घालून तो पळणार कुठे? मग पहिला जोड आणायचा तो सर्वांत महागडा. त्याचे डोळे पांढरे झाले की दुसरा दाखवायचा, तो फुकट मिळाल्यासारखा वाटतो. "शेजारच्या डॉक्टरांनीही हाच नेला," हे वर.

या विद्येपायीच घरात पेटलं. मामांनी सख्ख्या थोरल्या भावाच्या गळ्यात घट्ट बूट मारले, आणि तो स्वतःच्या पोराच्या लग्नात लंगडत फिरला. तेव्हापासून अबोला. "मला गिऱ्हाईक समजतो," एवढंच तो सगळ्यांना सांगे. आता मामांच्या मुलीचं लग्न होतं आणि भाऊ येणार नव्हता. मामांना जेवण जात नव्हतं. मला वाईट वाटायचं, पण हसूही यायचं.

मुलगी मात्र बापावर गेलेली. "काका, लग्नाला नका येऊ, पण माझ्या सँडल बघायला तरी चला," असं म्हणून तिनं काल त्याला दुकानात आणलं आणि थेट बाकावर बसवलं.

मामांचा पाय सवयीनं पुढे झाला, जुना बूट बाकाखाली गेला. महागडा जोड आला. भाऊ हाताची घडी घालून बसलेला. दुसरा जोड आला.

"शेजारच्या डॉक्टरांनीही..."

"त्या डॉक्टरांना पाय तरी किती आहेत?" भाऊ म्हणाला.

 मामांनी अंगठ्यानं त्याच्या पायातल्या बुटाचं टोक दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं, आणि बूट काढून घेतला.

"दादा, हा तुझ्या बोटांना लागेल. तुझ्या पायाचा बूट आमच्याकडे नाही. समोरच्या दुकानात मिळेल."

मालकांनी हे ऐकलं असतं तर तिथेच आडवे झाले असते. मामांनी वाकून जुना बूट बाहेर काढला, भावाच्या पायात चढवला आणि नाडी बांधत बसले. नाडी काही लवकर बांधून होईना.

भाऊ बराच वेळ त्यांच्या टकलाकडे बघत राहिला.

"लग्नात घालायचाय, म्हणजे चांगलाच हवा," तो म्हणाला. "तूही चल समोर. मी एकटा गेलो तर तो मला गंडवेल."