कोल्हापूरचा ‘की’

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघं पुण्याहून कोल्हापूरला गेलो. मी शाळेत मराठी शिकवायचे, त्यामुळे चुकीचं व्याकरण कानावर पडलं की माझं डोकंच फिरायचं.

सकाळी अंबाबाईच्या देवळातलं कोरीव काम मान अवघडेपर्यंत पाहिलं. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या दिसल्या. गवळी गिऱ्हाइकासमोरच पेल्यात धार काढून देत होता. मला बघून तो गरजला, “बसा की, वैनी!”

“बसा की काय?” मी विचारलं. ‘की’च्या पुढे दुसरा पर्याय नको?

“की काय न्हाय. बसा की!”

मी बसले. ते फेसाळ, कोमट दूध संपवून पेला खाली ठेवते, तोच “आनखी घ्या की!” दुसऱ्या दिवशी मिसळवाल्याचंही तेच, “रस्सा घ्या की!” माझे डोळे पाण्यानं भरलेले, तरी हा वाढतोच आहे. नवरा हसत होता. मी चिडले होते, कारण अख्ख्या गावानं एका शब्दाचं वाटोळं केलं होतं.

आम्ही घरी परतलो त्याच दुपारी, ऐन जेवणाच्या वेळी, सासऱ्यांचे एक जुने स्नेही आले. सासूबाईंनी गोड आवाजात विचारलं, “बसणार, की निघणार?”

व्याकरण अगदी चोख होतं. ते बिचारे पुन्हा चपला घालू लागले.

मी स्वयंपाकघरातून वाढलेलं ताट घेऊनच बाहेर आले आणि गरजले, “बसा की!”