विल्माची अंघोळ

गुडुला वेसिंगला अजगराची किळस कधीच आली नाही. तिला किळस आली ती माणसांची, आणि तीही जरा उशिरा.

वेस्टफालियातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात ती दिवसभर बटाटे सोलायची आणि घरी आली की बूटसुद्धा न काढता विल्माच्या काचपेटीसमोर बसायची. विल्मा म्हणजे तिची अजगरीण. आफ्रिकेकडची बुटकी जात, स्वभावाने गरीब गाय. शेजारीपाजारी नाकं मुरडायचे, मुरडोत बापडे. फ्रीजरमध्ये वाटाण्याच्या पिशवीशेजारी गोठवलेले उंदीर असायचे. ते बघून नवरा, बुर्कहार्ट, म्हणायचा, "गुडुला, एक दिवस चुकून हेच तळून खाईन हं मी!"

"खा की. तुझ्या आईच्या कटलेटपेक्षा बरे लागतील."

विल्माला पिल्लं व्हावीत ही गुडुलाची हौस. पण हौसेपायी घाई केली नाही बाईने. लोक कोवळ्या माद्यांना उंदीर कोंबून कोंबून फुगवतात, जोडी लावतात आणि मोकळे होतात, मेले! गुडुला वर्षानुवर्षं थांबली. विल्माचं वय होऊ दिलं, वजन भरू दिलं, तिला डॉक्टरला दाखवलं. पिल्लं कुणाच्या घरी द्यायची तेसुद्धा आधीच ठरवून ठेवलं. चुकली ती एकाच ठिकाणी. नर तिने फोटोवरून पसंत केला.

आन्सगार पोलकांप नावाच्या पैदासकाराचा तो नर. अंगभर सोनेरी-काळी जाळी, फोटोत नुसता राजबिंडा. आन्सगारने स्वतः घरी आणून दिला, तेव्हा नराची मान जराशी लटलटत होती.

"प्रवासाने बिचकलाय हो, वेसिंगबाई," आन्सगार म्हणाला, आणि तिने मान डोलावली.

जोडी जमली. मग एका संध्याकाळी तिने त्या नराला उंदीर दिला. त्याने झेप घेतली ती भलतीकडेच. पुन्हा घेतली, तर काचेवर आपटला. मग मान पिळवटली, हनुवटी वर झाली, आणि तसाच उलटा झुलत राहिला. वर कुठे नि खाली कुठे, बिचाऱ्याला कळेना.

नर परत करायला ती आन्सगारच्या तळघरात गेली. दारातच घाणीचा भपकारा. भिंतभर प्लास्टिकचे खण, कपड्यांच्या कपाटाला असतात तसे, आणि खणाखणात एकेक जीव कोंबलेला. आन्सगारने कौतुकाने एक खण ओढला. आत बोटाएवढ्या जाडीचं जाळीदार पिल्लू स्वतःभोवतीच पिळे घेत होतं.

"हे आजारी आहे," गुडुला म्हणाली.

"छे हो! जाळी हवी तर डोलणं आलंच. दोन्ही एकाच रक्तातून येतात. बाप असा असला की साधारण अर्धी पिल्लं अशीच निघतात."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? आणि प्रदर्शनात डब्यात गुंडाळून ठेवली ना, की हलत नाहीत. गिऱ्हाईक रंग बघतं हो, मान कोण बघतंय!" असं म्हणून हसला, आणि खणात घातलेल्या त्याच हाताने बिस्किटांची बशी तिच्यापुढे केली.

थू त्या हसण्यावर! आणि थू त्या बिस्किटांवर!

"तुम्हीच खा," ती म्हणाली. "मला इथे उभं राहिलं तरी ओकारी येतेय."

पण विल्माच्या पोटात जे होतं ते परत कसं करणार? यथावकाश तिने अंडी घातली आणि त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसली. उबवायची पेटी गरम करून तयार होती. गुडुला मात्र जागची हलेना.

"अगं, अर्धी तर धडधाकट निघतील," बुर्कहार्ट म्हणाला.

"आणि बाकीची?"

"ती... मग बघू."

"मग म्हणजे? बाहेर येऊन झुलायला लागली की मारायची? का आन्सगारला देऊ, डब्यात भरून विकायला?"

कुठलं अंडं कसलं, ते कवचावरून काही कळत नाही. थांबलं तर आतला जीव वाढत जाणार. गुडुलाने विल्माचे वेढे हलकेच सोडवले, अंडी एप्रनच्या ओच्यात घेतली आणि फ्रीजरपाशी गेली. वाटाण्याची पिशवी बुर्कहार्टनेच सरकवून जागा केली. तळून खायची थट्टा त्याने त्यानंतर कधी केली नाही.

एक काम उरलं होतं. अंड्यांचा वास राहिला तर मादी रिकाम्या जागेलाच कवटाळून बसते, उंदराला तोंड लावत नाही. म्हणून तिची पेटी घासायची आणि तिलाही धुवायचं. गुडुला न्हाणीघरात फरशीवर बसली. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून तिने विल्माला डोक्यापासून शेपटापर्यंत चोळून धुतलं. या हातांनी तिच्या अंड्यांचा वासही पुसून टाकायचा? आन्सगारची आली नव्हती एवढी शिसारी तिला स्वतःच्या हातांची आली.

टॉवेलने पुसून तिने विल्माला क्षणभर मांडीवर घेतलं. विल्माची जीभ लवलवली. ती सरकत सरकत गुडुलाच्या पोटाशी गेली, ओल्या एप्रनच्या ओच्यावर घट्ट वेटोळं घातलं आणि तिथेच डोकं टेकलं. तो एप्रन बदलायचं गुडुलाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"झाली का गं अंघोळ?" बुर्कहार्टने बाहेरून विचारलं.

"नाही रे," गुडुला म्हणाली, "अजून नाही झाली."