पुसा आणि परत लिहा

दोन्ही हात पाठीमागं बांधून तो मुलांच्या खुर्च्यांमागून फिरायचा. कुणी अडलं, कुणी हाक मारली, तरी हात सुटायचे नाहीत. वाकून पडद्याकडं बघायचा आणि म्हणायचा, "कीबोर्ड तुझा हाये. मी हात लावला तर मला येईल, तुला न्हाई."

माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, म्हणून 'तो' लिहिते आहे. समोर 'सर'च म्हणायचे. जालन्यातल्या एका खासगी संगणक संस्थेत मी प्रवेश, हजेरी आणि वेळापत्रक बघते. अशा संस्थेच्या काउंटरवर तुम्हीही कधी उभे राहिला असाल. भिंतीवर नोकरी लागलेल्या मुलांचे फोटो, आणि समोर माझ्यासारखी एक बाई. परतूरचा हा माणूस पुण्यातली नोकरी सुटल्यावर आमच्याकडं जँगो शिकवायला आला. जँगो म्हणजे वेबसाइट उभी करायचा तयार सांगाडा. खांब-तुळया आयत्या मिळतात, खोल्या आपण पाडायच्या. हे त्यानंच मला सांगितलं. बाकी मला त्यातलं काही कळत नाही.

दर शनिवारी चार वाजता तो वर्गात म्हणायचा, "पुसा." आठवडाभर केलेलं सगळं मुलांनी पुसायचं आणि सहापर्यंत कोऱ्यातून परत लिहायचं. पहिल्या शनिवारी एक जण रडला, दुसरा थेट मालकांकडं गेला. मालक मला म्हणाले, "मॅडम, हा मास्तर केलेलं मोडायला शिकवतो का?"

मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, तयार प्रोजेक्ट विकत भेटतात. पोरं वरचं नाव बदलून जमा करतात. मंग मुलाखतीत पयल्याच प्रश्नाला गप. माझी पोरं गप बसायची न्हाईत."

धावड्याची सुनीता त्याच्या वर्गात होती. इथं मावशीकडं राहायची. वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, कोर्स संपेपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाही तर घरी. पहिल्या शनिवारी सहा वाजले तरी तिचं पान उघडेना. मागचा मुलगा म्हणाला, "सुनीते, शेणानं सारवून राह्यली का वेबसाइट?" ती म्हणाली, "तुझी तरी कुठं उभी राह्यली?" चार महिन्यांनी तीच सगळ्यांच्या आधी पान पुरं करून उठायला लागली. संभाजीनगरच्या एका ऑफिसात तिची निवड झाली. रुजू होताना आमचं प्रमाणपत्र लागणार होतं.

त्याच सुमारास एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीनं आमच्या मुलांकडून साइट करून घेतली. बियाणं उगवलं नाही तर शेतकऱ्यांनी तक्रार नोंदवायची, एवढंच तिचं काम. साइट सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. नोंदींची दुसरी प्रत रोज आपोआप निघेल अशी सोय करायची राहिली होती. "सोमवारी करू," तो म्हणाला होता.

त्या शनिवारी सुनीता सात नंबरच्या मशीनवर सकाळपासून कंपनीच्या साइटमधली एक चूक दुरुस्त करत होती. चार वाजले. तो म्हणाला, "पुसा." तिनं पुसलं. सरावाचं नव्हे, समोर उघडं होतं ते, कंपनीच्या साइटवरच्या शेतकऱ्यांच्या सगळ्या नोंदी.

मी हजेरीचं रजिस्टर घेऊन दारातच होते. तिचा आवाज आला, "सर, माझं न्हाई गेलं. त्यांचं गेलं."

तासाभरात मालक आले. कंपनीच्या माणसानं फोनवर त्यांना नाही नाही ते ऐकवलं होतं. "सात नंबरच्या मशीनवर कोण होतं?"

"मी होतो," तो म्हणाला. "तिला दाखवून राह्यलो होतो. माझ्या हातून गेलं."

त्यानं कधी कुणाच्या कीबोर्डला बोट लावलं नव्हतं, हे मालक सोडून खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. सुनीतानं तोंड उघडलं. तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "सुनीता, सायबांना पाणी आण गं." ती गेली. मी रजिस्टर मिटलं.

दुसरी प्रत न काढणं ही चूक त्याचीच होती, हे मी आजही म्हणेन. पण त्याबद्दल त्याला कुणी विचारलंच नाही. त्याच संध्याकाळी त्याला काढलं. तक्रार पुन्हा नोंदवायला शेतकऱ्यांना बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या घेऊन कंपनीत यावं लागलं. सुनीताचं प्रमाणपत्र मीच टाइप केलं.

तिसऱ्या महिन्यात तिचं ऑफिस बंद पडलं. वडिलांबरोबर ती एका दाखल्यासाठी आली होती. "दुसरीकडं बघून राह्यले, मॅडम," ती म्हणाली. वडील म्हणाले, "बघणं झालं आता." त्यानंतर तिचा फोन लागलेला नाही.

परवा कामानिमित्त परतूरला गेले होते. एका जिनिंगच्या वजनकाट्यावर, खिडकीआड, तो बसलेला दिसला. कापसाच्या गाड्यांची वजनं संगणकावर चढवत होता. खूप वाळला होता. "ताई, तुम्ही इकडं?" म्हणत त्यानं खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला.

मी आडवळण घेतलं नाही. "मालक निवळलेत. मुलं आता नुसते व्हिडिओ बघतात. परत या."

"न्हाई ताई. आता कुणाला 'पुसा' म्हणवत न्हाई." मग त्यानं विचारलं, "सुनीताचं बरं चाललंय ना?"

"चाललंय की," मी म्हणाले. "तिच्या हाताखाली दोन पोरी आहेत आता."

"मंग बराबर झालं," तो म्हणाला आणि काट्यावर चढलेल्या ट्रकचा नंबर टाइप करू लागला.

चहा आला होता. मी तो न घेता उठले.