पिसाऱ्याला कात्री

आमच्या अंगणात वाढलेल्या मोराचा पिसारा मी कपडे बेतायच्या कात्रीनं कापून टाकला.

बायको तेव्हा धानाच्या रोवणीसाठी माहेरी गेली होती. आमचं गाव साकोलीच्या पलीकडे, जंगलाला लागून. धानाच्या बांधावर बेवारस पडलेलं अंडं तिनं कोंबडीखाली उबवलं, आणि हे पाखरू कोंबडीलाच आई समजून वाढलं. आम्हाला मूलबाळ नव्हतं. त्या मोराला ती ज्या सुरात दाणे टिपायला बोलवायची, त्या सुरात तिनं मला कधी जेवायला बोलावलं नाही. चौथ्या वर्षी त्याला पुरा पिसारा आला, तेव्हा साऱ्या गल्लीला बोलावून दाखवला.

त्या आषाढात झड लागली. भिजलेलं ते ओझं चिखलातून ओढत मोर मोहाच्या झाडावर चढू पाहायचा, आणि खाली गावची कुत्री टपलेली. एका सकाळी एका कुत्र्याच्या तोंडात पिसं दिसली आणि माझं धाबं दणाणलं. बायको येईल तेव्हा मोर नसला तर? मॅट्रिकपर्यंतचं विज्ञान डोक्यात होतंच. पिसारा ना उडायच्या कामाचा, ना खायच्या. मग हे लटांबर हवं कशाला? मोर गोणपाटाखाली दाबला आणि कचाकच.

कुत्र्यांपासून तो वाचला. पण पाऊस जरा उघडला की बांधावर जायचा, उरलेली खुंटं उभी करायचा आणि थरथरत नाचायचा. ओढ्याकडून लांडोरी यायच्या, मान वाकडी करून बघायच्या आणि किडे टिपत पुढे जायच्या. एरवी मी कशालाही हसतो. ते बघून हसू येईना. एवढं लटांबर ओढूनही कुत्र्यांच्या, बिबट्याच्या तावडीतून जो सुटतो, त्याच्या अंगात दम असणारच. लांडोर बहुधा तोच बघत असेल. आणि त्या दमाचा दाखलाच मी कापून पडवीत टाकला होता.

पुढे लांडोरी यायच्याच बंद झाल्या. मग एके दिवशी तोच त्यांच्यामागं ओढा ओलांडून जंगलात गेला. मी काठापर्यंत धावलो, बायकोच्या सुरात हाका मारल्या. पलीकडची माकडं तेवढी पळाली.

बायको परतली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं त्याला हाक दिली. दुसऱ्यांदा दिली. मग पडवीच्या कोपऱ्यातली पिसं तिला दिसली.

"काहून कापला जी?"

"ओझं होऊन राहिलं होतं त्याले. कुत्रे लागले होते मागं."

"कुठी हाय तो?"

मी जंगलाकडं हात केला. वर तोंडही चालवलं. "मादीसाठी इतकं मिरवाचं अन् जीव धोक्यात घालाचा! मीबी तुले पाहाले आलो तं भर वैशाखात कोट घालून आलो. घामानं मराले टेकलो होतो. मले कळते त्याचं दुःख."

तिनं एक पीस उचललं, पदरानं चिखल पुसला.

"त्याचा पिसारा त्याचा सोताचा होता जी. तुमचा तं कोटबी दोस्ताचा होता."